तमारच्या कॉम्प्युटरचा शब्बाथ

तमारचा गेमिंगचा कॉम्प्युटर रिक्षातून पनवेलच्या दुकानात आला, पण दुकानदाराने त्याला हातसुद्धा लावला नाही. "नवं विंडोज यावर चढत नाही. दुसरा घ्या," म्हणाला आणि मोकळा झाला.

शेजारी रॅम घ्यायला आलेल्या मुलाला मात्र राहवेना. "दुसरा कशाला? लिनक्स टाका. फुकट आहे, आणि बरेचसे गेम चालतात."

"तुम्ही टाकून द्याल?" तमारने फटकन विचारलं.

"देईन की… शुक्रवारी दुपारी येऊ?"

नाव इथन. नुकताच उरणहून खांदा कॉलनीत राहायला आलेला, आणि चक्क आपल्यातला, बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला ज्यू! तमारला तो तिथेच आवडला. पण पनवेलात आपली घरं मोजकी. काम झाल्यावर त्याला उगाच घरी बोलावलं, तर अलिबागच्या आत्यापर्यंत बोभाटा व्हायचा.

शुक्रवारी इथन आला. आधी तिच्या गेमच्या फायली बाहेरच्या डिस्कवर काढायला घेतल्या. त्या निघता निघता ऊन उतरलं. शेवटी स्क्रीनवर प्रश्न आला, जुनं सगळं पुसायचं का? इथनचं बोट एंटरपाशी गेलं, आणि आतून पप्पांचा, सॉलोमनचा, आवाज आला, "तमार, दिवे लावायची वेळ झाली गं!"

झालं! शब्बाथ लागला, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस. आता शनिवारी तारे दिसेपर्यंत ना एंटर दाबायचं, ना कॉम्प्युटर बंद करायचा.

"मग… उद्या संध्याकाळी?" इथन म्हणाला.

"यावंच लागेल ना," तमार शक्य तितक्या रुक्षपणे म्हणाली. मनात मात्र लाडू फुटत होते.

शनिवारभर कॉम्प्युटर तोच प्रश्न विचारत बसला. संध्याकाळी पप्पांनी दार उघडलं. "आकाशात एक तारा नाही, आणि हा दारात हजर!"

तारे निघाले, एंटर दाबलं, लिनक्स चढलं. फायली परत घातल्या. रेसिंगचा गेम सुरू झाला, गाडी झकास पळू लागली, आणि तमारचा चेहरा पडला.

"काय झालं? चालतोय की!"

"तेच तर. आता तुमचं काम संपलं."

इथनने कान खाजवला. "खरं सांगू? बुधवारीही मी मोकळाच होतो. फायली काढायला किती वेळ लागतो तेही ठाऊक होतं. पण काम अर्धवट राहिलं, तर परत यायला मिळेल, म्हणून शुक्रवारची दुपार…"

"लबाड!" तमारला हसू आवरेना. "आणि आता काय निमित्त काढणार आहेस?"

"सुचत नाहीये गं."

स्वयंपाकघरात पप्पांची भांडी वाजायची थांबली होती. त्यांचे कान इकडेच होते. तमारच्या ते लक्षात आलं, आत्याही आठवली. होऊ दे बोभाटा!

"मला आवडतोस तू," ती चांगली मोठ्याने म्हणाली. "उद्या ये. काहीही काम नसताना ये."