भिंतीकडची बाजू

भिंतीकडून कुणी चालायचं नाही. पेशंट आणि भिंत यांच्यामध्ये दोन हात जागा रिकामी सोडायची, आणि का ते विचारायचं नाही.

पहिल्याच दिवशी मोठ्या मॅडमनी मला हे सांगितलं, रजिस्टर कुठे ठेवायचं ते सांगावं तसं. त्या आमच्या फिजिओथेरपी विभागाच्या प्रमुख, तीस वर्षं त्याच वॉर्डात. मी नुकती पास होऊन आलेली. विचारायचं नाही म्हटलं की माझ्या जिभेला खाज सुटते. मी विचारलंच.

"का?"

"लोक बरे होतात म्हणून," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

वॉर्ड तसा साधा होता. बारा खाटा, व्यायामाची खोली आणि बाहेर तीस पावलांचा व्हरांडा. उजवीकडे खिडक्या, डावीकडे कोरी भिंत. वॉर्डातल्या मावशी रोज खिडक्यांपासून फरशी पुसत यायच्या आणि भिंतीच्या दोन हात अलीकडे थांबायच्या. "तिथं लागत नाही पुसायला," म्हणायच्या. खरंच लागत नसे. बाकीची फरशी खडबडीत, तेवढाच पट्टा झिजून गुळगुळीत झालेला. जिथे कुणी चालत नाही तिथली फरशी झिजते कशी, असं मी विचारलं तेव्हा मावशी बादली उचलून निघून गेल्या. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. उत्तर नसलं की त्यांना काम आठवतं.

चार महिन्यांनी माझी आईच त्या वॉर्डात आली. तिचा डाव्या खुब्याचा सांधा बदलला होता. ऑपरेशन छान झालं होतं, घोडं अडलं होतं ते स्नायूपाशी. खुब्याच्या बाजूला एक स्नायू असतो. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा तो कंबर सरळ धरतो. आई अकरा वर्षं दुखरा पाय वाचवत चालली होती, त्यात तो वाळून गेला होता. सांधा नवाकोरा, आणि त्याला सांभाळणारं कुणी नाही. डावा पाय टेकला की तिची कंबर उजवीकडे खचायची.

सहा आठवडे मी रोज तिला कुशीवर निजवायची, स्नायूवर बोटं ठेवायची आणि म्हणायची, "उचल."

"उचलते गं," आई म्हणायची. "माझ्याकडून पूर्ण उचललाय. तिकडे निरोप पोचत नाहीये."

सातव्या आठवड्यात पोचला. झोपेत मांजरीचा कान हलावा, एवढंच काहीतरी माझ्या बोटांखाली हललं. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या खाटेवरच्या आजी दचकून उठल्या. पाय तसूभरही वर गेला नव्हता, पण स्नायू जिवंत होता.

"आता सहा महिने," मी म्हणाले.

"सहा महिने! तोवर माझ्या क्लासच्या मुली आज्या होतील." आई शिवणकाम शिकवते. तिची मशीन घरी झाकून पडली होती आणि ती रोज दोनदा तिची चौकशी करायची.

त्याच आठवड्यात बस ड्रायव्हर काकांची बायको कुबड्या परत करायला आली. काका महिनाभर आमच्याकडे रखडले होते. मग मी तीन दिवस सुट्टीवर काय गेले, तेवढ्यात उठून चालत घरी गेले होते.

"आता कसे आहेत?" मी विचारलं.

"चालतात झकास. फक्त…" काकूंनी इकडेतिकडे बघितलं. "दर चार पावलांनी थांबतात. भिंतीकडे मान वळवतात, मग पुढे. आणि झोपताना भिंतीकडची अर्धी जागा रिकामी सोडतात. मी कडेवर. दोनदा पडले, आता खालीच अंथरते."

"विचारलं नाही त्यांना?"

"विचारलं की. म्हणाले, विचारायचं नाही."

माणसाची चाल हस्ताक्षरासारखी असते, दोघांची सारखी नसते. पण मला एकामागून एक आठवत गेलं. काकांच्या आधी घरी गेलेल्या मुख्याध्यापिका, त्यांच्या आधीचे गवंडी. व्हरांड्यातून बाहेर पडताना तेही असेच गेले होते. चार पावलं, थांबणं, मान भिंतीकडे. मीच दारात उभी राहून हात हलवला होता.

पुढचे दोन दिवस मॅडमनी मला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला मी परत आले. दुपारची झोप वॉर्डावरून अजून उतरली नव्हती. फिनेलचा वास होता, आणि त्याच्या मागे आणखी एक, वर्षानुवर्षं न उघडलेल्या कपाटातल्या कपड्यांचा.

व्हरांड्यात आई पाठमोरी चालत होती. एकटी, काठी न घेता. कंबर सरळ. डावं कोपर अंगापासून थोडं सुटलेलं, कुणाच्या हातात हात असावा तसं. एक, दोन, तीन, चार. ती थांबली. मान भिंतीकडे वळली. मग पुन्हा चालू लागली.

आईची पावलं मी लहानपणापासून जिन्यावरून ओळखते. ती ही नव्हती.

मी तिला खाटेवर आणलं, कुशीवर निजवलं, स्नायूवर बोटं ठेवली.

"उचल."

पाय अलगद वर गेला. वीतभर, मग हातभर. माझ्या बोटांखाली काहीच नव्हतं. ताण नाही, ती मांजरीच्या कानाएवढी हालचालही नाही. मी दुसराही हात ठेवून बघितला. स्नायू गाढ झोपला होता आणि पाय हवेत होता.

"आई… कोण होतं बरोबर?"

"एक बाई होत्या."

"कशा दिसतात?"

"मी बघितलंच नाही गं. इतकं बरं वाटत होतं… आपल्याला चालावंच लागत नाही."

मी तडक मॅडमच्या खोलीत गेले.

"तीन दिवस लागतात," त्या शांतपणे म्हणाल्या. "दोन झाले. उद्याचा झाला की घरी. तुझे सहा महिने आणि तिचे तीन दिवस. मुलगी म्हणून विचार कर."

"मॅडम, तिचा स्नायू मेल्यासारखा झालाय. परवा जे होतं तेही गेलं."

"चालतेय ना?"

"कोण चालतंय?"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "तुझ्या वयात मीही विचारलं होतं. मग लोक चालत घरी जाताना बघितले आणि विचारणं सोडलं."

दुसऱ्या दिवशी चार वाजता व्हरांड्याच्या तोंडाशी त्या तिघीही होत्या. मॅडम, बादली घेतलेल्या मावशी, आणि मधे आई, रिकाम्या हातांनी, लग्नाला निघाल्यासारखी हसरी. मी खाटेमागून काठी आणली, आईच्या उजव्या हातात दिली, आणि तिच्या डाव्या बाजूला, तिच्या आणि भिंतीच्या मधे जाऊन उभी राहिले.

"अगं बाई, नको…" मावशी पुटपुटल्या.

"पेशंटच्या दुबळ्या बाजूला उभं राहायचं असतं," मी म्हणाले. "पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. चल आई."

"तू असलीस की दुखतं," आई लहान मुलासारखी म्हणाली. "त्यांच्याबरोबर दुखत नाही."

"माहीत आहे. चल."

ती माझ्याकडे बघत राहिली. आजवर मी तिचं कधी ऐकलं नव्हतं, आणि आज तिनं माझं ऐकावं असं मला वाटत होतं. तिनं नाही म्हटलं असतं तर माझ्याकडे दुसरं काही नव्हतं.

तिनं काठी टेकली. डावा पाय पुढे टाकला. कंबर खचली, मी हातानं सावरली.

"दुखतंय गं…"

"दुखू दे. तुझंच आहे ते."

दुसरं पाऊल. तिसरं. तिच्या कपाळावर घाम आला, ओठ दाताखाली गेला. आणि माझ्या उजव्या हाताच्या बोटांखाली ते पुन्हा हललं. इवलंसं, हट्टी. चौथ्या पावलाला ती थांबू लागली, तिची मान वळू लागली. मी मधेच उभी होते, त्यामुळे तिला दिसला तो माझा चेहरा. तो काही फार प्रेमळ नसणार. आईनं एक उसासा टाकला आणि पाचवं पाऊल टाकलं.

तेव्हाच माझ्या डाव्या कोपरावर काहीतरी टेकलं.

"मुली," मागून मॅडमचा आवाज आला, अगदी दबलेला. "भिंतीकडच्या त्या बाईला आजवर कुणी मधे आडवं आलं नव्हतं. आता ती तुला धरणार… ऐक माझं. चार पावलं झाली की थांब. तिला थांबावं लागतं."

"नाही थांबणार," मी मागे न बघता म्हणाले. "ज्याला यायचंय त्यानं माझ्या आईच्या चालीनं यावं."

मागे मावशींनी बादली खाली ठेवली.

आम्ही हळूहळू पुढे निघालो. उजवीकडे आई कण्हत होती, मला शिव्या देत होती, चालत होती. डाव्या कोपरावरचा भार तसाच होता. मी वळून बघितलं नाही, पण हाताला पेशंट धरायची सवय असते, तो आपोआप अंदाज घेतो. अंगानं बारीक होती. वय झालेलं. उजव्या पायावर बरा भार देत होती.

डावा अजून टेकवतच नव्हती.