गोळी द्यायला दोघं लागतात

"मशिनमधून आवाज येतोय."

मी मान वर न करताच विचारलं, "कपडे धुताना की पिळताना?"

"बंद असताना."

वॉशिंग मशिनच्या तक्रारी ऐकणं हे माझं काम. लोकांची मशिनं गळतात, थरथरतात, मोजे गिळतात, आणि त्या सगळ्याला जणू मीच जबाबदार असते. तरी बंद मशिनच्या आवाजाची तक्रार पहिलीच होती. मी मान वर केली. काउंटरपलीकडे एक उंच माणूस उभा होता. गळ्यात कॅमेरा, बाहीला थर्माकोलचे कण चिकटलेले. नव्या मॉडेलचे फोटो काढायला खालच्या गोदामात फोटोग्राफर येणार आहे, असं साहेब सकाळी सांगून गेले होते. तो हाच असणार.

"बंद मशिन आवाज करत नाही," मी म्हणाले.

"वायरसुद्धा लावलेली नाही. पण करतंय." तो थोडा पुढे झुकला. "म्हणजे... मशिन नाही, खोकं. आणि आवाज म्याँव असा आहे."

मी त्याच्याबरोबर खाली गेले. एका उघड्या खोक्याच्या तळाशी, थर्माकोलच्या चुऱ्यात, एक दांडगा पिवळसर बोका बसला होता. एक कान फाटलेला, तोंड भलंमोठं, आणि मागचा एक पाय नको त्या बाजूला वळलेला. गोदामाचे मॅनेजर म्हणाले, "मागच्या गल्लीत सोडून द्या. जाईल तो."

"पाय मोडलाय त्याचा. जाईल कुठे?"

"मॅडम, बाहेर माल भरायला ट्रक उभा आहे."

तेवढ्यात फोटोग्राफरनं अंगातलं जाकीट काढून बोक्यावर टाकलं आणि त्याला उचललं. बोक्यानं जाकिटातूनच त्याचा अंगठा धरला.

"घाबरलाय बिचारा," तो कळवळत म्हणाला.

"घाबरलेला नाही. चिडलाय," मी म्हणाले, आणि जेवणाची सुट्टी बोक्यावर घालवायला त्याच्या गाडीत जाऊन बसले.

बाहेर पावसाची भुरभुर होती. गाडीचा एकच वायपर चालत होता, तोही नेमका माझ्या बाजूचा. हा माणूस मान तिरकी करून, माझ्या बाजूच्या काचेतून बघत गाडी चालवत होता आणि तोंडानं बोक्याची समजूत घालत होता. "आलंच हं राजा, आलंच..." बोलण्याच्या नादात त्यानं वळण चुकवलं. मग परत फिरून तेच वळण पुन्हा चुकवलं. मी दात आवळून बसले होते. जाकिटात गुंडाळलेला बोका माझ्या मांडीवर गुरगुरत होता. त्या गाडीत माझ्या मताचा तेवढाच एक जीव होता.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "मालक कोण?"

मी त्याच्याकडे बोट दाखवलं. त्यानं माझ्याकडे.

"नवरा-बायकोनी आधी घरी ठरवून यायचं असतं."

"आम्ही नवरा-बायको नाही," आम्ही दोघं म्हणालो.

"एका सुरात बोललात, म्हणून वाटलं. बोक्याचं नाव काय लिहू?"

"तक्रार," फोटोग्राफर म्हणाला.

"तक्रार स्त्रीलिंगी आहे," मी म्हणाले.

"ते त्याला तुम्ही समजावून सांगा." त्यानं रुमाल बांधलेला अंगठा वर केला. "माझी हिंमत नाही."

मला हसू आलं नाही. म्हणजे आलं, पण मी ते खोकल्यावर नेलं.

एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाचे सरळ दोन तुकडे झालेले दिसले. आत रॉड घालून ऑपरेशन करायचं, नाहीतर पाय काढायचा. डॉक्टरीणबाईंनी त्यांची फी सोडली, पण रॉड, भूल, औषधं हे काही फुकट येत नव्हतं. आम्ही दोघांनी जवळ होतं ते भरलं, तरी अर्ध्याच्याही पुढे गेलं नाही.

"दवाखान्याच्या पेजवर आवाहन टाका," त्या म्हणाल्या. "लोक देतात. पण लवकर. हाड एकदा वेडंवाकडं जुळायला लागलं, की मग मला पाय वाचवता येणार नाही."

आवाहन फोटोग्राफरनं टाकलं. संध्याकाळी बसमध्ये मी ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. खिडकीतून मऊसूत उजेड आलेला, फाटका कान नेमका पलीकडच्या बाजूला, आणि इंजेक्शनच्या गुंगीत अर्धवट मिटलेले डोळे. खाली लिहिलं होतं, 'या निरागस डोळ्यांत तुम्हाला काय दिसतं? मायेच्या कुशीला पारखं झालेलं हे इवलंसं बाळ...'

मी त्याला फोन लावला. "इवलंसं बाळ? डॉक्टर म्हणतात तो सात-आठ वर्षांचा आहे. बोक्यांच्या हिशोबानं तो तुमचा काका लागतो."

"लोकांना गोड वाटलं, की ते देतात हो. मी रोज हेच करतो. कपाटं, मिक्सर, पडदे... कुठलीही गोष्ट थोडी गोड करून दाखवावी लागते."

"मग किती जमले?"

पलीकडे त्यानं घसा खाकरला. मग हळूच, "एका बाईंनी हात जोडलेत."

"जोडलेल्या हातांतून रॉड येत नाही. तुमच्याकडे त्याचा सगळ्यात वाईट फोटो कुठला आहे?"

तो उसासला. पण पाठवला. त्यात तक्रारनं जबडा वासला होता आणि त्याच्या दातांत जाकिटाची बाही होती. मी खाली लिहिलं:

'हा बोका गोड नाही. वय सात-आठ. कान जुन्या कुठल्यातरी भांडणात फाटलाय. मांडीचं हाड कशानं मोडलं ते माहीत नाही. त्यानं आतापर्यंत फोटोग्राफरला, दवाखान्यातल्या मदतनिसांना आणि मला ओरबाडलंय. तुम्ही मदत केलीत तर तो आभार मानणार नाही. पण ऑपरेशन झालं नाही, तर त्याचा पाय जाईल. आणि इतकी भांडणं त्याला तीन पायांवर झेपायची नाहीत.'

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळी रक्कम उभी राहिली. 'आमचे सासरे हुबेहूब असेच,' एकीनं लिहिलं होतं. 'या स्वभावाच्या माणसाला आयुष्यभर पोसलंय, बोक्यानं काय घोडं मारलंय,' असं दुसरीनं. ऑपरेशन झालं, पाय वाचला.

संध्याकाळी फोटोग्राफरचा फोन आला. "तुमचं बरोबर होतं," तो म्हणाला. एवढंच. मी भांडणाची केवढी तयारी करून बसले होते. सगळी वाया गेली, आणि त्या गोष्टीचा मला रात्रभर राग येत राहिला.

त्या भयंकर फोटोचा आणखी एक परिणाम झाला. बोक्याला लोकांनी ओळखलं. बेकरीवाल्या काकू दवाखान्यात आल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा तर आमचा शेठ." निवृत्त पोस्टमन आले आणि म्हणाले, "हा आमचा साहेब." गल्लीच्या टोकाचे शिंपीकाका त्याला जावई म्हणायचे, कारण तो येतो, जेवतो, नाक मुरडतो आणि निघून जातो. डॉक्टरीणबाई तिघांना म्हणाल्या, "छान झालं. आता दीड महिना याला पिंजऱ्यात ठेवायचं, रोज संध्याकाळी गोळी द्यायची. कोण नेतंय?"

काकूंना भट्टीची आठवण झाली, पोस्टमनना मुलीच्या गावाची. शिंपीकाका म्हणाले, "आमच्याकडे तो फक्त जेवायला येतो हो."

फोटोग्राफर भाड्याच्या खोलीत राहायचा आणि त्याच्या घरमालकाला जनावरं चालत नव्हती. राहता राहिले मी.

आमच्या घरी आई आणि मी, दोघीच. आईनं पिंजऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाल्कनीत. स्वयंपाकघरात नाही. आणि मला त्याचं काहीएक करायला सांगायचं नाही."

"आणि गोळी द्यायला दोघं लागतात," मी म्हणाले. "एकानं टॉवेलमध्ये धरायचं, दुसऱ्यानं तोंडात टाकायची. तो फोटोवाला येईल संध्याकाळी."

"रोज?"

"रोज."

"बरं," आई म्हणाली. ते 'बरं' मला मुळीच आवडलं नाही.

तो रोज यायचा. सातला येतो म्हणायचा आणि साडेसातला उगवायचा. कधी रस्ता चुकलेला असायचा, कधी वाटेत कुठल्यातरी भिंतीवर छान ऊन पडलेलं असायचं. मग आम्ही बाल्कनीत गुडघे टेकून, डोक्याला डोकं लावून बसायचो. टॉवेलमधून फक्त एक संतापलेलं तोंड बाहेर.

"धरलंत?"

"धरलंय."

"ते माझं मनगट आहे."

"...हो का."

तरी लगेच सोडायचा नाही. बोकाही नाही, मनगटही नाही. आतून आई विचारायची, "गोळी गेली का?" आणि आम्ही दोघं एकदम म्हणायचो, "जातेय."

गोळी गेली तरी हा जायचा नाही. आईशी गप्पा मारायचा, चहा प्यायचा, आमच्या साध्या काचेच्या बरणीवर उजेड कसा पडलाय ते बघत बसायचा. माझी कामं खोळंबायची. मी घड्याळाकडे बघायचे. तोही बघायचा आणि म्हणायचा, "तुमचं घड्याळ पुढे आहे."

"घड्याळ बरोबर आहे. तुम्ही मागे आहात."

एकदा त्याचा फोन आला, की काम लांबलंय, यायला फार उशीर होईल. गोळीची वेळ टळत होती. मी वैतागून एकटीच पिंजऱ्यापाशी बसले, माशाच्या तुकड्यात गोळी दाबली आणि तळहात पुढे केला. तक्रारनं माझ्याकडे पाहिलं, तुकडा वास घेऊन खाल्ला, आणि वर हात चाटला. टॉवेल नाही, ओरबाडणं नाही, काही नाही.

मी तिथेच बसून राहिले. खरं तर आनंद व्हायला हवा होता.

फोटोग्राफर आला तेव्हा भिजलेला होता, जिना धावत चढल्यामुळे त्याला धाप लागली होती. "गोळी?" त्यानं दारातूनच विचारलं.

"आज आईनं धरलं," मी म्हणाले.

स्वयंपाकघरात भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा टॉवेल काढला. तक्रारनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की मला मान खाली घालावी लागली. मग मात्र त्यानं गुंडाळून घेतलं. गुरगुरलासुद्धा. त्यानंतर हे रोजचंच झालं.

दीड महिना संपला. शेवटच्या तपासणीला आम्ही तक्रारला घेऊन दवाखान्यात गेलो. हाड नीट जुळलं होतं. थोडा लंगडत, पण चारही पायांवर, तो टेबलभर फिरून आला.

"शेवटची गोळी इथेच देऊन टाकू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खाण्याच्या गोळ्यात दाबून त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली आणि मदतनिसांना टॉवेल आणायला सांगितलं.

टॉवेल यायच्या आत तक्रारनं माझ्या तळहातावरून गोळी खाल्ली आणि हात चाटला.

"अरे वा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हातातून खातो? कधीपासून?"

खरं बोलण्यावरून मी या माणसाचं डोकं खाल्लं होतं. तो भिंतीवरचा जनावरांच्या लसींचा तक्ता मन लावून वाचत होता.

"बरेच दिवस झाले," मी म्हणाले.

गाडीत बसलो. पाऊस नव्हता, पण काचा धुरकटल्या होत्या. त्यानं किल्ली लावली, फिरवली नाही. माझा धीर सुटला.

"बोला ना काहीतरी. रागवा."

"मी काय बोलू?"

"की मी तुम्हाला रोज एवढ्या लांबून उगाच बोलावलं. खोटं बोलून. तेही मी." मी समोरच्या काचेकडे बघत होते. "हे बघा, तुम्ही उशिरा येता. भिंती बघत बसता. आमच्याकडचा सगळा चहा संपवता. मला तुमचा अतिशय वैताग येतो. आणि सात वाजले, की मी दाराकडे बघायला लागते. साडेसातपर्यंत दुसरं काही सुचत नाही. हे असं आहे. मला ते याहून गोड करून सांगता येत नाही."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "तुमच्या डोळ्यांत जेव्हा..."

"नको. तसं नको."

"बरं." त्यानं श्वास घेतला. "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हातातून खातो ते. तुमच्या आईंनी दुसऱ्याच दिवशी जिन्यात सांगितलं. म्हणाल्या, तो बोका आता तिच्या हातातून गोळी खातो. तुम्ही यायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा."

माझे कान तापले. "मग?"

"मग मी बघितलं. आणि आलो."

मागच्या सीटवर तक्रार पिंजऱ्यात अंग ताणून आडवा झाला होता. मी वळून त्याच्याकडे पाहिलं, कारण या माणसाकडे बघणं त्या क्षणी शक्य नव्हतं.

"म्हणजे त्या मुक्या जिवाला आपण इतके दिवस उगाच गुंडाळत होतो," मी म्हणाले.

"'आपण' म्हणालीस," तो म्हणाला.

"'म्हणालीस' म्हणालास."

त्यानं किल्लीवरचा हात काढला आणि सीटवर, माझ्या हाताशेजारी ठेवला. या वेळी मनगट मी धरलं. गाडी कितीतरी वेळ तिथेच उभी होती, मागून कुणीतरी हॉर्नही वाजवला, पण मी त्याला घाई केली नाही.