धाकट्या सम्राटाचं नाणं

लसूण घ्यायला गेले होते, एवढंच. सुट्टे नव्हते म्हणून चांदीचं नाणं दिलं. लसूणवालीने ते उलटसुलट केलं आणि घाईघाईने परत माझ्या मुठीत कोंबलं.

"हा चेहरा आता चालत नाही, बाई. दोघा सम्राट भावांतल्या थोरल्याने धाकट्याला मारलं ना! जिथे दिसेल तिथे खरवडायचा हुकूम आहे. लपव ते."

डॅन्यूबकाठी बातम्या उशिरा पोचतात. मागच्याच आठवड्यात सासूबाई गेल्या, तेव्हा मेलेल्यांना नदीपलीकडे नेणाऱ्या नावाड्याचं भाडं म्हणून त्यांच्या तोंडात आम्ही धाकट्याचंच नाणं ठेवलं होतं. तांब्याच्या नाण्यावर भागलं असतं, पण माझा नवरा दासियस म्हणाला, "आई आहे, चांदीच हवी."

तेव्हापासून त्याला घास गिळवत नव्हता. जिभेवर गार चांदी ठेवल्यासारखं वाटतं, म्हणायचा. दिवेलागणीला घरात नदीच्या गाळाचा वास यायचा... आणि उंबऱ्याशी टक्... टक्... दातांवर नाणं वाजावं तसं.

शेजारच्या मातुमाराबाईंना सारं सांगितलं.

"त्या नाण्यावर नावेत घेतलं नाही तिला," त्या हळूच म्हणाल्या. "आता ती लेकाला नेईल... भाड्यापोटी. तुझ्या सासूने आयुष्यात काही सोडलंय का, पोरी?"

नव्हतंच सोडलं. लग्नाला जेमतेम महिना झालेला, तरी एवढं मला कळलं होतं.

ऊन उतरायच्या आत थडग्याशी गेले. मेलेल्यांना द्राक्षाची दारू पाजायला आत मातीची नळी सोडलेली असते. माहेरून मिळालेलं, थोरल्याच्या चेहऱ्याचं एकुलतं नाणं मी तिच्यात टाकलं. पडल्याचा आवाज आला नाही. कुणी तळहातावर झेलावं तसं...

"सासूबाई, हे चालतं," मी कुजबुजले. "आता जा... ह्यांना सोडा."

आतून गार वारा आला. पाण्यात वल्हं पडलं. मग पुन्हा, लांबून.

घरी दासियस चुलीपाशी बसून मसुराचं भांडं बोटांनी पुसून खात होता.

"अगं, लसूण कुठाय?"

हसत होते की रडत, कोण जाणे.

सकाळी दारू घेऊन थडग्याशी गेले, तर नळीच्या तोंडाशी एक ओलं तांब्याचं नाणं. नावाड्याने उरलेले पैसे परत केले! प्रामाणिक निघाला की मेला, म्हणत हसतच घरी आले. दासियसने कडेची अक्षरं लावून सम्राटाचं नाव वाचलं. ते आम्ही कधी ऐकलेलं नाही. बाजारात नाही, सैन्याच्या छावणीत नाही. त्या नावाचा सम्राट अजून झालेलाच नाही.

नाणं कोरं करकरीत होतं. चेहरा मात्र आधीच खरवडलेला.