खर्जाच्या तारेतला पंचम

खर्जाची, म्हणजे सर्वांत जाड तार छेडल्यावर पंचम कसा वाजेल? यंत्रमानव तपासनीस मात्र तिसऱ्यांदा तेच सांगत होता: षड्ज हवा, पंचम येतो आहे, तंबोरा नापास.

तहसीननं घड्याळाकडं पाहिलं. चंद्रावरच्या वस्तीला मिरजेहून जाणारा हा पहिलाच तंबोरा. यान दुपारी उडणार आणि नापास वाद्य इथंच राहणार. तिच्या आजोबांनी, हुसेनसाहेबांनी, भोपळा निवडण्यापासून सगळं स्वतः केलं होतं. जवारीचा दोरा (तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवायचा सुती धागा) तेवढा पहिल्यांदाच नातीला लावू दिला होता. आणि नेमकी तिथंच माशी शिंकली.

"दादाजी, माझ्यामुळं झालं," ती कशीबशी म्हणाली.

आजोबांनी दोरा काढला. तार ठस वाजली आणि यंत्रमानव लगेच षड्ज म्हणाला. दोरा लावला, तार झणझणली, पुन्हा पंचम. तहसीनला रडू कोसळायचंच बाकी होतं. पण आजोबांचा साठ वर्षं मुरलेला कान सांगत होता की दोन्ही वेळा षड्जच वाजला.

मग तिनं यंत्रमानवाला विचारलं, तू सूर ओळखतोस कसा? तो म्हणाला, एका तारेतून अनेक स्वर निघतात. मूळ स्वर सेकंदाला सत्तर कंपनांचा, सोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे उपस्वर (मूळ स्वराचे सोबती). त्यांतला सर्वांत मोठा आवाज तो निवडत होता. जवारीनं, म्हणजे दोऱ्यामुळं येणाऱ्या झणझणाटानं, तिपटीचा उपस्वर मोठा होतो, आणि तोच वरचा पंचम. बळी तो कान पिळी, असला हा न्याय.

तहसीनला शाळेचं मैदान आठवलं. एकीची एक फेरी होते तेवढ्यात दुसरीच्या दोन, तिसरीच्या तीन. तिघी रेषेवर पुन्हा एकत्र येतात, त्या पहिलीची फेरी संपल्यावरच.

"मोठं कोण ते बघू नकोस," ती म्हणाली. "सगळे मिळून पुन्हा पहिल्या जागी कधी येतात, ते मोज."

यंत्रमानवानं लहरीचा आलेख (कंपनांचं चित्र) त्याच आलेखावर हळूहळू सरकवला. सेकंदाच्या सत्तराव्या भागाइतका सरकल्यावर तो तंतोतंत जुळला. षड्ज. पास.

जवारी कोणाची, त्यानं नोंदीसाठी विचारलं.

"तहसीन शिकलगार," आजोबा म्हणाले. "आणि तिचा पत्ता नीट लिहून घ्या. चंद्रावर दोरा सरकला, तर तिलाच बोलवावं लागेल."