रिकामा रकाना

एकच रोग असलेला माणूस नशीबवान, असं पिंपळझरीच्या दवाखान्यात म्हणायची पाळी आली होती. शुगर, बीपी आणि किडनी हे तिन्ही पाहुणे एकाच अंगात मुक्कामाला आले, की एकाची गोळी दुसऱ्याच्या मुळावर येते. म्हणून सरकारने बाभुळगावहून जीपमधून एक कॉम्प्युटर पाठवला. पेशंटचं वजन, बीपी, शुगर आणि किडनीचा आकडा टाकला, की कोणती गोळी द्यायची आणि कोणती बंद करायची ते तो सांगे. त्याच्यापुढे दीपमाला बसायची. बौद्ध वस्तीतली, हाताने चलाख आणि तोंडाने त्याहून चलाख.

त्या कॉम्प्युटरच्या खोडी दोनच. रकाना रिकामा असला, की तो पुढे सरकत नसे, आणि एकदा टाकलेला आकडा महिनाभर बदलू देत नसे.

इकडे कापसाला भाव नाही, निम्मी बोंडं अळीने खाल्लेली, उरलेली वेचून घरात आणायची घाई. मजुरीचा दिवस बुडवून वजनकाट्यावर उभं राहायला कोण येतंय? वस्तीची आणि शेजारच्या तांड्याची दवाखान्याची सगळी कार्डं म्हातारा उकंडा पिशवीत घालून आणी.

"माणसं कुठायत, मामा?"

"वावरात. मांग टाकलं तेच टाक ना वं. अन् गोळ्या दे."

दीपमाला मागचाच आकडा थोडा इकडेतिकडे करून टाकायची. सगळीकडे हेच चालायचं. यात काही पाप आहे असं तिला कधी वाटलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला घाईघाईत तिने तांड्यावरच्या मानीबाईच्या नावापुढे बेचाळीसऐवजी बत्तीस किलो टाकलं. काही दिवसांनी मानीबाई स्वतःच दवाखान्यात आली. पोलकं खांद्यावरून घसरत होतं, बांगड्या कोपरापर्यंत जात होत्या. काटा बत्तीसवर थांबला.

"जेवतो तं पोटभर," ती म्हणाली. "मंग काहून असं होऊन राह्यलं, बाई?"

दीपमालाने तिचं पान उघडलं, तिथेही बत्तीसच होतं. पुढच्या महिन्यात तिने जपून, एकेक बटण बघून, बेचाळीस टाकलं. मानीबाईचं वजन बेचाळीस भरलंही. पण ते मांसाने भरलं नव्हतं, पाण्याने भरलं होतं. तिच्या पायावर बोट दाबलं, तर खळगा तसाच राहायचा.

यानंतर शहाण्या माणसाने त्या खुर्चीला हात जोडले असते. पण दीपमालाच्या घरी तिची आई होती, नलू. नलूची किडनी जात चालली होती आणि दवाखान्याच्या डॉक्टर केतकी मॅडम डायलिसिससाठी नागपूरचं नाव घेऊ लागल्या होत्या. बाप गेल्यावर लोकांच्या वावरात निंदण करून जिने वाढवलं, तिच्यासाठी लेकीने काय करू नये? दीपमालाने आईचा किडनीचा वाढत चाललेला आकडा निम्म्यावर आणून ठेवला.

नलू उठून बसली. सूज उतरली, चुलीपुढे बसून भाकरी थापू लागली. मॅडमनी पुन्हा रक्त तपासलं, तर दीपमालाने टाकलेलाच आकडा आला. कॉम्प्युटरने तिच्या गोळ्या एकेक करून बंद केल्या.

इतरांचे आकडे सुधारायची हिंमत होत नाही, असं दीपमाला स्वतःला सांगे. खरी गोष्ट वेगळी होती. हे सगळ्यांना वाटून दिलं तर आपल्या वाट्याचं कमी होईल, ही तिला धास्ती होती. तांड्यावरच्या फुलसिंगपुढे तिने त्याची मागचीच चढलेली शुगर टाकली. त्याची नजर गेल्याचं कळलं तेव्हा तिने पुढचं कार्ड घेतलं.

एकही रकाना रिकामा नाही, म्हणून जिल्ह्यात पिंपळझरीचं नाव झालं. दुसऱ्या ऑपरेटरांना शिकवायला दीपमालाला यवतमाळला बोलावलं.

"वस्तीची कार्डं राहू द्या मॅडम," जाताना तिने बजावलं. "मी आल्यावर टाकीन."

ती परतली तेव्हा उकंडाची पिशवी रिकामी होऊन टेबलावर पडली होती.

"तुझं काम मीच करून टाकलं," मॅडम म्हणाल्या. बाई सरळ मनाच्या, खोट्याची त्यांना चीड होती. "एक सांगू का? न तपासता आकडे टाकणं बरं नाही. मी तसलं काही केलं नाही."

"मग काय टाकलं?"

"जे आले नाहीत, त्यांच्यापुढे शून्य. रिकामं ठेवलं तर पुढेच जाईना."

"कुठे कुठे शून्य?"

"वजन, बीपी, सगळीकडे. खरं ते खरं."

दीपमालाने नलूचं पान उघडलं. चार रकाने, चार शून्यं. बदल पुढच्या महिन्यात, असं कॉम्प्युटरने सांगितलं.

ती धावत सुटली.

वस्तीत सामसूम होती. उकंडा त्याच्या ओट्यावर बसला होता. त्याने घरातला दगडी पाटा उचलून आणून मांडीवर ठेवला होता.

"असं बरं वाटते," तो म्हणाला.

नलू बाजेवर बसली होती. चेहरा शांत, डोळे उघडे.

"आली का वं? जेवली?"

दीपमालाने तिचं मनगट धरलं. बोटांना काहीच लागलं नाही. तिने दुसरं मनगट धरलं.

"मले लय हलकं वाटून राह्यलं, दीपे. काईच दुखत नाही."

बाजेची सुतळी तिच्याखाली कुठेच दबली नव्हती.

बाहेर वारा सुटला.

"दार लोटून घे ना वं," नलू म्हणाली, आणि तिने बाजेचं लाकूड दोन्ही हातांनी घट्ट धरलं.