मॅकडोरनांच्या वंशवृक्षातली रिकामी चौकट

मंगळवारी सकाळी वृंदा पार्सल घेऊन कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या कुरिअरवाल्याकडे निघाली, तेव्हा तिच्या मनात एवढंच होतं की येताना कोथिंबीर घ्यायची. पार्सलमध्ये एक जाडजूड पुस्तक होतं. लाल-हिरव्या चौकडीच्या लोकरी कापडात बांधलेलं, वर चंदेरी रंगात मॅकडोरन कुळाचं सिंहाचं चिन्ह. ते कॅनडातल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे जायचं होतं.

हाच वृंदाचा धंदा. एके काळी इथल्या तागाच्या गिरण्यांत स्कॉटलंडची माणसं ढिगाने होती. त्यांची पणतवंडं जगभर पांगली, आणि आता त्यांना आपल्या कुळाची भारी हौस. वृंदा त्यांच्यासाठी चौकडीचे रुमाल, चिन्हांचे मग आणि कुळाची पुस्तकं बनवायची. त्यासाठी पार्क सर्कसजवळच्या स्कॉटिश कबरस्तानात जाऊन थडग्यांवरची नावं उतरवून आणायची. "आपल्या देव्हाऱ्यात टाक पाच, आणि तुझ्या टेबलावर परक्यांचे सिंह पन्नास," असं तिचा नवरा गुरुदत्त चिडवायचा. पण काम तिला छान जमायचं, कारण कुलवृत्तांत म्हणजे काय हे मराठी घरातल्या माणसाला शिकवावं लागत नाही.

त्या कुलवृत्तांतानेच तिला पोळलंही होतं. सहा वर्षांपूर्वी तिला मुलगा झाला आणि अकराव्या दिवशी गेला. बारसं दुसऱ्या दिवशी होतं. पाळणा सजवून ठेवलेला, नावही ठरलेलं, अनीश. पुढे पुण्याच्या श्यामकांतकाकांनी घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती काढायला घेतली, तेव्हा वृंदाने भीत भीत फोन केला होता. काका माणूस वाईट नव्हते. "वृंदा, बारसं न झालेलं मूल वंशावळीत घालत नाहीत गं," एवढंच म्हणाले. तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पण अनीश घरात होता. दुपारी तीनच्या सुमारास, गुरुदत्त कामावर आणि सगळं सामसूम असताना, आतल्या खोलीत वेखंडाचा आणि ओव्याच्या धुरीचा वास यायचा, आणि एक बारीक किरकिर, भुकेआधी तान्हं मूल करतं तशी. वृंदा हातातलं काम टाकून तिथे जाऊन बसायची. तिला भीती कधी वाटली नाही. खरं सांगायचं तर ती त्या अर्ध्या तासासाठीच जगत होती. गुरुदत्तला तिने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तो आधीच तिला डॉक्टरकडे न्यायला टपलेला.

आणि मग या मॅकडोरनांच्या वंशवृक्षात तिला एक रिकामी चौकट दिसली. कलकत्त्यात पुरलेल्या एका जोडप्याखाली 'तान्हा मुलगा' एवढंच, नाव नाही. तिला राहवलं नाही. आपल्या घराण्यात नाही तर इथे तरी असू दे, कोण बघतंय, असं म्हणत तिने त्या चौकटीत नाव टाकलं. अनीश. छापून आलेल्या पानावरून बोट फिरवत ती पोटभर रडली, आणि मग पार्सल बांधलं.

तीन आठवड्यांनी, बुधवारी, कॅनडाच्या बाईंचं पत्र मेलवर आलं. त्यांनी लिहिलं होतं, "आमच्या मेळाव्यात दरवर्षी सगळे उभे राहतात आणि परदेशी पुरलेल्या माणसांना नावाने हाक मारतात. त्या बाळापाशी आम्ही नेहमी अडायचो. बिननावाच्या मुलाला हाक कशी मारणार? तुम्ही नाव शोधून दिलंत. या वेळी आम्ही दोनशे जणांनी त्याला तीनदा बोलावलं. आता आमची माणसं त्याला घरी आणतील."

 वृंदाने तिथल्या तिथे उत्तर लिहिलं, की चूक माझी आहे, ते नाव माझ्या मुलाचं आहे, कृपा करून खोडा. उत्तर लगेच आलं. 'काळजी करू नका. ते निघालेत.' कोण निघालं, ते लिहिलं नव्हतं.

त्या दुपारी वेखंडाच्या वासात भिजलेल्या लोकरीचा कुबट वास मिसळलेला होता. गुरुवारी किरकिर आतल्या खोलीतून नाही, बैठकीच्या खोलीतून आली. शुक्रवारी थेट दाराशी. शनिवारी वृंदाने दार उघडलं, तर आवाज जिन्यात एक मजला खाली होता, आणि जिना रिकामा. रोज तो तिच्यापासून लांब चालला होता.

रविवारी गुरुदत्त घरी होता. तिने रडत रडत त्याला सगळं सांगितलं. 

"वेखंडाचा वास ना..." गुरुदत्त म्हणाला.

"तुलाही येतो?"

"दर रविवारी. मी पेपर घेऊन मुद्दाम त्या खोलीत बसतो. तुला सांगितलं असतं, तर तू पुन्हा कोलमडली असतीस... म्हणून गप्प राहिलो."

सहा वर्षं दोघं एकाच मुलापाशी चोरून बसत होती. वृंदाने डोळे पुसले. "आजच बारसं करू," ती म्हणाली. "आपण नाव ठेवलं, की तो आपला."

गुरुदत्तने माळ्यावरून पाळणा काढला. घुगऱ्या नव्हत्या, आत्या नव्हती, गाणारं कोणी नव्हतं. पडदे ओढून घेऊन दोघं तीन वाजण्याची वाट बघत बसली. लोकरीचा वास इतका दाटला की गुरुदत्तने नाकाला रुमाल लावला. मग पाळण्याची दोरी करकरली आणि पाळणा हातभर खाली आला, आत वजन ठेवल्यासारखा. वृंदा वाकली. आत्या म्हणते तसं तिने हलकेच म्हटलं, "कुर्रर्र..." आणि नाव घेतलं.

हुंकार आला, पण पाळण्यातून नाही. तिच्या पाठीमागून, दारातून. दोरी सैल पडली होती.

ती दाराकडे धावली. जिन्यात जड बुटांचे आवाज होते, पुष्कळ जणांचे, सावकाश उतरणारे. त्यांच्यामध्ये आणखी एक आवाज होता, कोणीतरी बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत असल्याचा. ती पायरीवर पाऊल टाकणार, तोच गुरुदत्तने तिचा दंड धरला.

"सोड मला! नेतायत त्याला..."

"थांब... ऐक."

थोपटणं हळू होत गेलं, आणि थांबलं. किरकिरही थांबली.

"झोपला," गुरुदत्त म्हणाला, आणि तिथेच पायरीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. सहा वर्षांत त्यांना त्याला एकदाही झोपवता आलं नव्हतं.

वृंदा त्याच्या शेजारी बसली. तिला रडूही येईना.

तेवढ्यात आतल्या खोलीत पाळण्याची दोरी पुन्हा करकरली. पाळण्यातून कोणीतरी भुकेलं किरकिरत होतं. वेखंडाचा वास नव्हता, भिजलेल्या लोकरीचा होता, आणि तो आवाज अनीशचा नव्हता. ज्याला कधी कोणी नावाने हाक मारली नव्हती, तो मागे राहिला होता.