चांदण्या खाडीचा ठसा

तुम्ही मला वेडी म्हणाल. म्हणा. पण हे माझ्याच घरात घडलंय आणि मी अजून त्याच घरात राहते.

तोक्योतलं असाकुसा. हिवाळ्यातली पौर्णिमा, दिवेलागणीची वेळ. माझे यजमान तोकुजी लाकडी ठशांवरून चित्रं छापायचे. त्या दिवशी प्रकाशकानं एक जुना ठसा पाठवला होता. चांदण्यातली खाडी, एक नाव, काठावर झोपडी. झोपडीची खिडकी रिकामी होती, मी सकाळीच पाहिली होती.

छपाईचा कागद ओला लागतो. वाऱ्यानं सुकला तर रंग बसत नाही. म्हणून काम संपेपर्यंत खोली बंद.

"अहो, जेवायला कधी येताय?" मी दाराशी विचारलं.

"चंद्र मावळला की," ते आतून हसले.

कागद घासल्याचा आवाज येत होता. सर्र... सर्र...

मग तो थांबला.

आणि... वल्ह्याचा आवाज आला. पाण्यात.

मी दार ओढलं. हलेना.

"नुई, दार उघड गं."

"अडसर तुम्हीच लावलाय आतून."

"इथे दारच नाही. सगळं पाणीच आहे, नुई..."

आवाज लांब लांब गेला. मी दारावर थापा मारत राहिले.

थोड्या वेळानं दार उघडलं. हात पुसत ते बाहेर आले आणि जेवायला बसले.

जेवणाच्या काड्या डाव्या हातात धरल्या...

माझे यजमान उजव्या हातानं जेवायचे. उजव्या भुवईवरचा त्यांचा व्रणही आता डावीकडे होता.

ठशावर सगळं उलटं कोरलेलं असतं. छापणाऱ्याची बायको आहे मी, एवढं मला कळतं.

मी खोलीत धावले. ठशावरच्या खिडकीत, केसाएवढ्या बारीक रेषांत, एक माणूस उभा होता. दोन्ही तळवे टेकवून.

कागदावर तो उमटतच नाही. मी किती वेळा छापून पाहिलं.

जुना ठसा झिजला की रंधा मारून त्यावर नवं चित्र कोरायचं, ही आमच्यातली रीत. हाही ठसा रंधून द्या, असा प्रकाशकाचा निरोप आलाय. आणि घरातला हा माणूस रोज गोड आवाजात म्हणतो, "नुई, तो ठसा दे ना. साफ करून टाकू."

ठसा माझ्या अंथरुणाखाली आहे. मी माहेरी जात नाही, न्हाणीघरात जात नाही, झोपतही नाही. शेजारणी टोमणे मारतात, नुईला नवऱ्याचा फारच लळा. त्यांना काय सांगू?

आत्ता तो दारात बसून रंध्याला धार लावतोय. त्याला कसलीच घाई नाही.

आणि माझे डोळे मिटायला लागलेत.